सवतींना एका पाटावर बसवू नये

वहिनी, कळलं! तुझ्या गाईच्या देवीचं कोडं सुटलं!

एवढं एक वाक्य मी जबलपूरहून आपल्या धाड गावापर्यंत तोंडात धरून आणणार होतो. अखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला. इटारसीला गाडी बदलायची, मलकापूरला उतरायचं, मोटारीनं बुलढाणा, तिथून मिळेल त्या गाडीनं धाड. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर, पिशवी खाली ठेवायच्याही आधी, ओरडायचं. तू चुलीपुढून मान न वळवता म्हणाली असतीस, "आधी पाय धू बे. आल्या आल्या काय कळलं कळलं करून राह्यला!" आणि मग हळूच पाट माझ्याकडे सरकवला असतास. हे सगळं मी मनात इतक्यांदा करून पाहिलं होतं की पाटाचा सरकल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा.

त्याऐवजी दादाची तार आली.

डोक्यावरचा भारा अंगणात उतरवलास, पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत थांबली नाहीस, असं दादा म्हणाला. ना ताप, ना पुरळ, ना खोकला. ज्या दोघींशी तू जन्मभर भांडलीस त्यांतल्या एकीलाही तुला न्यायचं जमलं नाही, याचा मला रडता रडता वेड्यासारखा अभिमान वाटला. हे कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतो.

तेरवी करून मी परत जबलपूरला आलो, आणि ते वाक्य अजून तोंडातच आहे. कुठं ठेवू? म्हणून लिहायला बसलो. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे. तुला अक्षर येत नव्हतं, तेव्हा तू चुका काढशील ही भीती नाही. पण इतर लोक वाचतील त्यांची आहे. माझा स्वभाव तुला ठाऊक. दाराची कडी लावली की नाही हे मी परत परत जाऊन बघतो, आणि तू म्हणायचीस, "भागूबाई, कडी कुठं पळून नाई जात."

आता वाचणाऱ्यांना आपलं घर ठाऊक नाही, तर आधी ते सांगतो. तू मध्ये बोलू नकोस.

मी चौथीत होतो त्या साली आमच्या गल्लीत गोवर आली. मलाही आली. अंगभर पुरळ, डोळे उघडवत नव्हते, खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या. वहिनीला आमच्या घरात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचं माहेर वरवट बकाल, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला; आमच्या धाडमधल्या बायांना ते गाव काशीइतकंच लांब. दादा कापसाची गाडी घेऊन खामगावच्या बाजाराला गेला होता. तो आला तो तापानं फणफणतच आला. कंबर धरून ओसरीवर पडला. मग त्याच्या कपाळावर, मनगटांवर दाणे उठले. माझ्या मायच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे खड्डे होते. तिनं एकदा पाहिलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "आल्या."

आमच्याकडे देवी म्हणजे रोग नव्हता, पाहुणी होती. तिच्यासाठी दाराला कडुलिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, मोठ्यानं बोलणं बंद. आणि गोवर ही तिची धाकटी बहीण. धाकटी माझ्या अंगात आधीच येऊन बसलेली, आता थोरलीही आली. मायचं म्हणणं असं, की बहिणी एका घरात आल्या तर त्यांची भेट घालून द्यावी, दोघींना एका पाटावर बसवावं, म्हणजे त्या खूष होऊन लवकर जातात. पाट म्हणजे आम्ही. तिनं माजघरात एक मोठी गोधडी अंथरली, वर लिंबाचा पाला पसरला, दादाला निजवलं आणि मला त्याच्या कुशीत आणून ठेवायला सांगितलं. शेजारची सखूकाकू मदतीला होतीच. जिथं दोन बाया बोलतात तिथं तिसरी ती.

तेव्हा तू दारात उभी होतीस. हातात डहाळा. मी किलकिल्या डोळ्यांनी तुझे पाय तेवढे पाहत होतो. तू हलली नाहीस.

"नाई," तू म्हणालीस.

"काय नाई?" माय म्हणाली.

"बापूले तिथं नाई नेऊ, आत्याबाई. आमच्या वरवटले अशी चाल नाई." बापू म्हणजे मी.

"मंग कशी चाल हाये तुमच्या वरवटले?"

"आमच्याकडं देवी आन् गोवर बहिणी नाईत. सवती हायेत."

मायचा हात तसाच राहिला. "सवती? कोनाच्या सवती?"

"आता ते मले काय ठाऊक? देवी काय नवऱ्याचं नाव घेते?"

सखूकाकूला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. तू थांबली नाहीस. "एका पाटावर बसवल्या की एकमेकींच्या झिंज्या उपटतात. त्यांचं काई जात नाई. जळते तो पाट."

"असं कधी ऐकलं नाई बाई," सखूकाकू म्हणाली.

"काकू, तुम्ही कधी वरवटले गेल्या काय?"

"नाई."

"मंग?"

या 'मंग'पुढे सखूकाकूला काही सुचलं नाही. आजवर कुणाला सुचलेलं नाही.

पण खरी गंमत पुढंच होती. गंमत मी आज म्हणतो, तेव्हा तुझी काय गत झाली असेल! मला अंगणापलीकडच्या कापसाच्या खोलीत ठेवायचं ठरलं. कापूस विकला गेला होता, खोली रिकामी होती. माय म्हणाली, ठीक आहे, मी पोरापाशी राहते, तू तुझ्या नवऱ्यापाशी बस. आणि तू परत म्हणालीस, नाही. म्हणालीस, "तुमच्या तोंडावर देवीनं मागंच हात फिरवला हाये आत्याबाई, तुमची तिची ओळख हाये. गोवर मले लहानपणी येऊन गेली, तिची माझी ओळख. ज्याची ओळख त्यानं पाहुणचार करावा."

मायनं कडुलिंबाचा एक डहाळा उचलला. मग दादाच्या उशाशी जाऊन बसली.

त्या दिवसांत विहिरीवर काय बोललं गेलं ते मला नंतर कळलं. "नवरा तिकडं भाजून राह्यला आन् ही दिराच्या उशाशी!" "वरवटच्या पोरींले हेच शिकवतात वाटते." दादा गेला असता तर ही बोलणी तुझ्या कपाळाला जन्मभर चिकटली असती. तुला ते ठाऊक होतं. लग्नाला वर्ष नाही झालेलं, आणि नवरा अंगणापलीकडे कण्हतोय, आणि तू अंगण ओलांडत नाहीस. मधूनच उंबऱ्यापाशी जाऊन विचारायचीस, "काय खाल्लं?" माय तिकडून सांगायची, "घोटभर ताक." आणि तू परत येऊन माझ्या तोंडात कण्यांची पातळ पेज घालायचीस. दाराला घोंगडं टांगलं होतंस, उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून. दादाचं कण्हणं वाढलं की तू मला गोष्ट सांगायला लागायचीस, एका साळुंकीची, आणि कण्हणं जितकं मोठं तितका तुझा आवाज मोठा. त्या साळुंकीचं पुढं काय झालं ते मला अजून माहीत नाही, कारण दादा शांत झाला की तुझी गोष्ट थांबायची.

मग गावात देवी काढणारा आला. गाईच्या देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, खांद्याला पेटी. आमच्या दाराचा डहाळा पाहूनच तो वळला, कारण ज्या घरात देवी बसली आहे तिथं कुणी त्याला उभं करत नसे. पाहुणीचा अपमान होतो म्हणत. मायनं आतून सांगितलंही, "त्याले सांग, घरात माय बसली हाये." तू "हाव" म्हणालीस, सांगायला गेलीस, आणि गोठ्यामागं त्याच्यापुढं दंड धरून उभी राहिलीस. मलाही टोचायला सांगितलंस. तो म्हणाला, याची गोवर आधी उतरू दे, पुढच्या खेपेस बघू.

मायला कळलं तेव्हा ती दादाच्या उशाशी बसूनच तडकली. मोठ्यानं बोलायची बंदी ती स्वतःच विसरली.

"सवती सवती करत होती ना? आन् सोताच्या दंडावर तिसरी आनून बसवली?"

"ते गाईची देवी हाये आत्याबाई," तू अंगणाच्या या टोकावरून म्हणालीस. "गाय गरीब. ते आधी येऊन चुलीपाशी बसली की थोरली उंबऱ्यावरून पाहते, म्हनते जागा भरली, आन् पुढच्या घरी जाते."

"पुढच्या घरी?" कुंपणापलीकडून सखूकाकूचा आवाज आला. "पुढच्या घरी म्हंजे कोनाच्या?"

तू पेज ढवळायला आत गेलीस. दुसऱ्या दिवशी सखूकाकूनं घरातली सगळी पोरंसोरं, वर दोन पाहुणे, धरून त्या पेटीवाल्यापुढं उभे केले. हे आठवलं की मी वॉर्डात एकटाच हसतो आणि पेशंट मला वेडा समजतात.

तुझा दंड सुजला, ताप आला. आणि मग कपाळावर चार दाणे उठले. थोरली आत शिरली होती तर! दादाची अंथरुणं-पांघरुणं त्याच्या पहिल्या तापात तूच उचलली होतीस ना. मी घाबरून रडायला लागलो. पण ते दाणे वाढलेच नाहीत. आले, वाळले, गेले. डाव्या भुवईशेजारी एक खूण तेवढी राहिली. दादाही वाचला. तोंड मात्र टाकी लावलेल्या जात्यासारखं घेऊन उठला. पहिल्यांदा अंगण ओलांडून आला तेव्हा तुझ्यापुढं उभं राहून म्हणाला, "वळखू येते काय व?" तू म्हणालीस, "आवाजावरून." मग आत जाऊन किती तरी वेळ बाहेर आली नाहीस.

मी वाचलो, डोळे मात्र अधू झाले. फळ्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसायची. मी शाळा सोडली. तू किराण्याच्या पुड्यांचे कागद सपाट करून माझ्यापुढं ठेवायचीस, "वाच, काय लिहिलं?" मी नाकाजवळ धरून वाचायचो. आज हे जे काही लिहितो आहे ते त्या गुळा-मिठाच्या कागदांवरचं आहे.

मोठा झालो तसा मी तुला एकच विचारत राहिलो. "वहिनी, वरवटले खरंच सवती म्हनतात काय, की तू मायले बनवलं?" पहिल्यांदा तू म्हणालीस, "जाऊन पाह्य." पुढं म्हणालीस, "देवीच्या गोष्टीत खोटं बोलाव काय?" नंतर नंतर नुसतं हसायचीस. माय गेली, तरी तू सांगितलं नाहीस. मला ते फार लागून राहिलं होतं. माझा जीव ज्या शब्दावर वाचला तो शब्द कुठून आला एवढं तरी माणसाला कळायला नको?

पुढं मी जबलपूरला साथीच्या रोगांच्या वॉर्डात कामाला लागलो आणि मला थोडी शिंगं फुटली. गेल्या दिवाळीला तुझ्यापुढं बसून मी व्याख्यान दिलं. देवी नसते, जंतू असतात. तू भाकरी थापत म्हणालीस, "बरं, जंतू. मंग तुझे जंतू नांदतात काय एका घरात?" मी म्हटलं, नाही नांदत, वॉर्डात आम्ही पेशंट वेगवेगळे ठेवतो. "मंग मी काय म्हनलं होतं?" तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मी तुला पेचात धरलं. म्हटलं, "वहिनी, एक सांग. दोघी एका अंगात आल्या की पाट जळते म्हनते ना तू? मंग तुझ्या अंगात गाईची आन् खरी दोघी होत्या. तुझा पाट काऊन नाई जळला? चार दाण्यांवर कसं भागलं?"

तुझा हात भाकरीवर थांबला. तुला उत्तर आलं नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "दवाखान्यात कोन राह्यते, मी का तू? मले काऊन विचारतो? तूच विचारून ये. आन् आल्याबरोबर सांग. मलेही पाह्यजे."

मलेही पाह्यजे! हे तू म्हणालीस. तेव्हा मला कळलं की हे कोडं तुलाही इतकी वर्षं टोचत होतं.

पण विचारणार कुणाला? मी फरशी पुसणारा माणूस. आमच्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या, मराठी बोलणाऱ्या, तरी त्यांच्यापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटायची. रोज ठरवायचो आज विचारू, रोज बादली उचलून निघायचो. होळी आली, गेली.

मग या मोसमात वॉर्डात गोवरीची पोरं भरली, आणि त्याच वेळी शहरात इन्फ्लुएंझाची साथ. दोन खाटा शेजारी होत्या. एका खाटेवर मुलगी, दुसऱ्या खाटेवर मुलगा, वय सारखं, गोवर सारखीच. मुलगी लवकरच उठून खाटेच्या दांड्याला लोंबायला लागली. मुलाला बघायला त्याचा मामा आला, शिंकत, खोकत, लाडानं तोंडावर तोंड ठेवत. पाठोपाठ मुलाचा उतरलेला ताप पुन्हा चढला. छाती भरून आली, नाकपुड्या उडायला लागल्या. (तो मुलगा वाचला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू मला पुढं बोलू दिलं नसतंस.) डॉक्टरीणबाई त्याच्यावर वाकून म्हणाल्या, "गोवरीवर इन्फ्लुएंझा. एकावर एक." मी तसराळं धरून उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "सवती."

"काय म्हणालास?"

वहिनी, मी तसराळं घट्ट धरलं. पण आता शब्द निघालाच होता. मग दुपारी त्या औषधांच्या टेबलाशी बसल्या असताना मी सगळं सांगितलं. माय, गोधडी, सखूकाकू, गाय, तुझे चार दाणे. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बस त्या स्टुलावर. आता ऐक."

आणि त्यांनी मला सांगितलं! मला, स्टुलावर बसवून!

म्हणाल्या, गोवर, देवी, इन्फ्लुएंझा यांचे जंतू इतके बारीक की साध्या भिंगातून दिसत नाहीत, मातीच्या बारीकातल्या बारीक गाळणीतूनही पार होतात. म्हणाल्या, अंगात आपले पहारेकरी असतात. गोवर आली की ती जाताना त्या पहारेकऱ्यांना काही काळ आंधळं करून जाते. मग मागून दुसरा कुणी आला तर त्याला दार उघडं. एरवी जो नुसता खोकला होऊन गेला असता तो छातीत जाऊन बसतो. "तुमची माय तुला तुमच्या दादाजवळ ठेवती तर तुझं काय झालं असतं, ते मला सांगायला लावू नकोस."

मी म्हटलं, बाई, मग गाईचं?

तेव्हा त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "हा प्रश्न चांगला आहे. कुणाचा?" मी म्हटलं, अर्धा माझा, अर्धा वहिनीचा.

ऐक आता. खरी देवी अंगात शिरली की बरेच दिवस गुपचूप बसते, मग उठते. गाईची देवी तिच्याच नात्यातली, पण सौम्य, आणि तिचा पाय उचलता. ती मागून येऊनही पुढं निघून जाते आणि पहारेकऱ्यांना जागं करून सांगते, माझ्याच तोंडवळ्याची एक येतेय, ओळखून ठेवा. थोरली उठते तेव्हा सगळे काठ्या घेऊन उभे! पण हे वेळेवर झालं तर. टोचायला उशीर झाला तर गाईचं काही चालत नाही. तू वेळेवर दंड पुढं केलास, वहिनी. त्या एका दुपारवर सगळं होतं.

"आणि तुझ्या वहिनींचं ते 'जागा भरली'," बाई म्हणाल्या, "तसंही असतं कधी कधी. नात्यातले नसलेले जंतूसुद्धा एकमेकांना अडवतात. एकानं जागा धरली की दुसऱ्याला बूड टेकता येत नाही, असं जनावरांत दिसलं आहे म्हणतात. का, ते अजून नीट कुणाला समजलेलं नाही. आणि कधी दोघं एका अंगात येतात, आपापले राहतात, आपापले जातात, काही फरक पडत नाही."

"म्हणजे बाई, सवती-सवतींत फरक असतो?"

"हो रे. कोण आहे, आधी कोण आलं, दुसरं किती वेळानं आलं, आणि घर मुळात किती धडधाकट आहे. यावर सगळं."

मी उठलो तो बादली घेऊन धावतच जिना चढलो. का चढलो, ठाऊक नाही. वर काही काम नव्हतं. नुसतं चढायचं होतं! तू बरोबर होतीस. तुला उत्तर न आलेला प्रश्न होता ना, त्यातही तूच बरोबर होतीस, दोन्ही बाजूंनी! त्याच दिवशी मी अखाजीची रजा मागितली.

मिळाली ती तुझ्या तेरवीसाठी.

तेरवीला वरवटहून तुझा भाऊ आणि भावजय आले होते. जेवणं झाल्यावर भावजय ओसरीवर टेकल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, आता तू तर सांगत नाहीस. आयुष्यभराचा प्रश्न समोर बसला आहे, विचारून घ्यावा.

"ताई, तुमच्या वरवटले देवी आन् गोवरीले सवती म्हनतात ना?"

"हो, म्हनतात ना!" त्या लगेच म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. खरं बोलली होतीस तर! पण त्यांचं संपलं नव्हतं. "एका पाटावर नाई बसवत त्यायले. माझी पोरं मीनं वायली वायली निजवली होती. पन ते आमची चाल नाई भाऊ. ते तर तुमच्या धाडची."

"आमची?"

"हाव. नणंदबाई माहेरपणाले आल्या होत्या, तवा त्यायनंच सांगतलं. म्हने, आमच्या धाडले लय जुनी चाल हाये. तवापासून आमच्या गल्लीत सगळेच पाळतात."

वहिनी! तेरवीच्या घरात मी मोठ्यानं हसलो. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. दादा आतून आला, "काय झालं बे?" मी सांगितलं. धाडला सांगितलं वरवटची चाल, वरवटला सांगितलं धाडची. दादाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचं ते खड्ड्याखड्ड्यांचं तोंड हलायला लागलं, तो हसला, हसता हसता खांबाला धरून खाली बसला आणि रिकाम्या चुलीकडे बघून म्हणाला, "पक्की लबाड व तू." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा नीट रडला.

तुझा भाऊ तेवढा हसला नव्हता. म्हातारा आता, काठी मांडीवर ठेवून बसला होता. आमचं हसणं ओसरल्यावर म्हणाला, "आमच्या घरी दोघं होते. हिच्या पाठचे. एकाले देवी, एकीले गोवर. आमच्या मायनं एका गोधडीवर निजवले, बहिणी भेटू द्या म्हनून. हे एवढीशी होती. दारात उभी राहून पाहे." काठीवरून हात फिरवत राहिला. "दोघंही नाई राह्यले."

दारात उभी राहून.

मला तुझे पाय आठवले. अंथरुणावरून मी पाहिलेले, न हललेले.

ही गोष्ट तू मायला सांगितली नाहीस, दादाला नाही, मला नाही. सांगितली असतीस तर माय हळहळली असती, म्हणाली असती, देवीची मर्जी, तिचे होते तिनं नेले. आणि मला उचलून दादाजवळ ठेवलं असतं. नव्या सुनेच्या दुःखाला कोण विचारतं? पण गावाच्या चालीला नाही म्हणायची हिंमत कुणाला नसते. हे तुला त्या वयात, त्या दारात, एका क्षणात कसं सुचलं? माझ्या डॉक्टरीणबाईंना मी हे विचारणार आहे, पण मला नाही वाटत त्यांना ठाऊक असेल.

आणि मी तुला उत्तर आणायला निघालो होतो! 'कळलं कळलं' करत! घाबरट दीर, मोठा शहाणा होऊन. तू ऐकून घेतलं असतंस, मला ठाऊक आहे. 'असं काय?' म्हणाली असतीस. आणि तेव्हाही ते दोघं सांगितले नसतेस.

एक शेवटचं सांगतो, आणि मग थांबतो.

मी परत आलो त्याच आठवड्यात वॉर्डात एक बाई आली, नर्मदेपलीकडच्या खेड्यातली. दोन पोरं घेऊन. थोरलीला गोवर, धाकट्याला कांजिण्या. डॉक्टरीणबाईंनी दोन वेगळ्या खोल्यांत दोन खाटा सांगितल्या. बाई ऐकेना. भाऊ-बहीण आहेत, वेगळे झाले तर घाबरतील, आणि अंगात आलेल्या दोन माता वेगळ्या केल्या तर रुसतील, म्हणून तिनं दोघांना उचलून एकाच खाटेवर ठेवलं आणि स्वतः पायथ्याशी बसली. नर्स ओरडली, ती हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ती रडायला लागली पण हलली नाही.

मी दारात उभा होतो, वहिनी. हातात बादली. माझ्यासारखा माणूस, जो कडी लागली की नाही हे पुन्हा पुन्हा बघतो. मी बादली खाली ठेवली.

"नहीं बाई," मी म्हटलं. "एक खाट पर नहीं। हमारे बुलढाणे में ऐसी चाल नहीं है।"

तिनं डोळे पुसून वर पाहिलं. "कैसी चाल है तुम्हारे यहाँ?"

"ये दोनों बहनें थोड़ी हैं," मी म्हटलं. "सौतनें हैं।"

डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या झाल्या आणि औषधांच्या बाटल्या नीट लावायला लागल्या. त्या बाटल्या आधीच नीट होत्या.

बाईनं पदरानं नाक पुसलं. मग तिनं धाकट्याला उचललं, खांद्यावर घेतलं आणि मला विचारलं, "किधर है दूसरी खाट?"

दोघं बरी आहेत. उद्या त्यांना घरी सोडतील. ती तिच्या गावी जाईल, पाण्यावर चार बाया भेटतील, आणि ती बुलढाण्याची एक फार जुनी चाल त्यांना सांगेल.